चौतीस फुटांचं घर

रॉक हॉल, मेरीलँड
१४ एप्रिल २०२४

नीनाताई, नमस्कार.

फेब्रुवारीत आमचं वेस्ट विंडसरचं घर विकलं, त्या दिवशी तुम्ही जेवायला थांबला नाहीत आणि तेव्हापासून फोनही उचलत नाही. अरुण म्हणतो, "ताईचा राग आहे, उतरेल." मला वाट बघायचा कंटाळा आला, म्हणून हे पत्र.

आम्ही खुशाल आहोत. बोट चौतीस फूट लांब आहे आणि जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे अकरा फूट. आमचं जुनं गराज हिच्यापेक्षा मोठं होतं. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे मधल्या जमिनीची फळी उचलून खाली पाणी साचलंय का ते बघायचं. कोरडं असलं की चहा. शेगडी दोन बर्नरची आहे आणि झोपाळ्यासारखी टांगलेली आहे. बोट कलली तरी शेगडी सरळ राहते, आपणच तिरके होतो. पहिल्यांदा कुकर लावला तेव्हा तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या बोटीवरच्या बाई आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आल्या. त्यांना वरणभात खायला घालूनच परत पाठवलं. आता शिट्टी ऐकली की त्या नुसत्या हात हलवतात.

सामान कुठे ठेवता, असं तुम्ही विचाराल. तांदूळ सोफ्याखाली, पोहे शिडाच्या पिशव्यांशेजारी आणि तूरडाळ अरुणच्या गादीखाली. डाळ काढायची तर त्याला उठवावं लागतं, त्यामुळे तो आता लवकर उठतो. संडासाचंही विचारणारच, म्हणून सांगून टाकते. हाताने पंप मारावा लागतो, वीस वेळा. टाकी भरली की बोट पलीकडच्या धक्क्याला नेऊन उपसून घ्यायची. ते खातं अरुणकडे आहे.

तुमचे गुडघे कसे आहेत? शिवणाचं दुकान बंद केल्यापासून जरा आराम पडला का? पत्ता पाकिटावर आहे. रागाचं असलं तरी चालेल, पण उत्तर लिहा.

तुमची,
अहिल्या


एडिसन
२५ एप्रिल

अहिल्या,

पत्र मिळालं. फोनचं म्हणशील तर मी कामात असते. माझ्या मुलालाही, परीक्षितला, सांगितलंय की मेसेज कर. रिकामं बसलेलं असलं तरच माणसाने फोन उचलावा.

राग आहे, आणि तो तुझ्यावर नाही. माझ्या भावाला लहानपणापासून खुळं लागतात. आठवीत त्याने कबुतरं पाळली. पंधरा दिवस पाळली त्याने, आणि पुढची दोन वर्षं त्यांना दाणे टाकले मी. ही बोट त्यातलीच. तू एकतीस वर्षं त्या लॅबमध्ये उभी राहून नोकरी केलीस, रुचाला वाढवलंस, आणि आता एकसष्टाव्या वर्षी ह्या माणसाने तुला पाण्यावर नेऊन ठेवलं. वीस वेळा पंप. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं.

तू हसून लिहितेस, पण मला कळतं. तू पहिल्यापासून अशीच. लग्नानंतर नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा "मला उकडत नाही" म्हणणारी.

माझी वरची खोली रिकामी आहे. खिडकीला नवे पडदे शिवलेत. तू ये. त्याला राहू दे तिथे, कंटाळला की येईल मागून.

भाजणी पाठवतेय. बोटीवर थालीपीठ थापता येतं की तेही तिरकं होतं?

नीना


चेस्टर नदी
१२ मे

नीनाताई,

थालीपीठ झालं. गोल नाही झालं, पण झालं. अरुणने चार खाल्ली आणि मग वारा सुटल्यावर आलं चघळत बसला. त्याला बोट लागते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आल्याचे तुकडे करून डबी भरतो आणि खिशात ठेवतो.

आम्ही पहिल्यांदाच धक्का सोडून चार दिवस बाहेर राहिलो. बोटीच्या टाकीत साठ गॅलन पाणी मावतं. पूर्वी आमच्या घरी एवढं पाणी दोघांच्या अंघोळीत संपायचं. आता दहा दिवस पुरतं. पाण्यासाठी पायाने दाबायचं पेडल आहे, त्यामुळे जेवढा पाय तेवढं पाणी. भांडी आधी नदीच्या पाण्यात घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक तांब्या फिरवायचा. कपडे बोटीच्या कडेच्या तारांवर वाळत घालते, प्रत्येकाला दोन चिमटे. तरी अरुणचा एक बनियन नदीने नेला. आम्ही छोट्या होडीतून त्याच्यामागे गेलो, पण बनियन आमच्यापेक्षा वेगात होता.

संध्याकाळी नांगर टाकून मागच्या बाकावर बसलो होतो. काठाच्या खांबावर मत्स्यगरुडाचं घरटं होतं, आई पिल्लांना मासा फाडून भरवत होती. मी शेंगा सोलत होते. मनात आलं, की ह्या क्षणी मला दुसरं काहीच करायचं नाहीये, आणि शेंगांनाही संपायची घाई नाहीये. असं मला कधी वाटलेलं आठवत नाही.

अरुणला इतकं बोलू नका. तो माणूस वाईट नाही.

अहिल्या


एडिसन
३ जून

अहिल्या,

शेवटची ओळ वाचली आणि काय ते समजले. "तो माणूस वाईट नाही" हे बायको कधी लिहिते, ते मला चांगलं माहीत आहे.

मी पंधरा तारखेला येते. मेट्रोपार्कहून बाल्टिमोरपर्यंत रेल्वेने, पुढे तू गाडी घेऊन ये. आठ दिवस राहीन. येताना एकटी, जाताना तुला घेऊन. अरुणला यातलं काही सांगू नकोस. पाहुणी येते आहे एवढंच सांग.

नीना


रॉक हॉल
२४ जून

नीनाताई,

तुम्ही आठ दिवसांसाठी आलात आणि तिसऱ्या दिवशी गेलात. जे अर्धवट आणि रागात बोलले गेले, ते नीट लिहिते.

दुसऱ्या दिवशी वारा पाठीमागून होता. तुम्ही पुढे तोंड करून उभ्या होतात, छान दिसत होतात, ओढणी खोचून. वारा फिरला आणि शिडाखालचा तो लांब दांडा एका बाजूकडून दुसरीकडे यायला लागला. अरुण तीनदा ओरडला, "ताई, खाली बस." तुम्ही हलला नाहीत. मी कुर्ता धरून ओढलं तेव्हा दांडा डोक्यावरून गेला. तुम्ही बाकाच्या गादीवर पडलात, तुम्हाला लागलं नाही.

मग तुम्ही अरुणवर तुटून पडलात. हिला पाण्यात बुडवायला आणलंस का, असं म्हणालात. तो खाली मान घालून ऐकत होता, आणि मला ते बघवेना. म्हणून मी म्हणाले, "बोट त्याची नाही, माझी आहे." तुम्हाला वाटलं मी नवऱ्याची बाजू घेतेय. तसं नव्हतं.

बावन्नाव्या वर्षी मी मर्सर लेकवर शिडाची होडी चालवायला शिकले. बायकांचा शनिवारचा क्लास होता. दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते की योगाला जाते. लॅबमधून आल्यावर मी नकाशे बघायचे. घर विकायचं मी म्हणाले, बोट मी शोधली, आणि सुकाणूवर बहुतेक वेळा मीच असते. अरुण आला तो माझ्यासाठी, खिशात आलं घेऊन. तुम्हाला काय सांगायचं असा प्रश्न आला तेव्हा तोच म्हणाला, "ताईला सांग माझं खूळ आहे. माझा राग तिला दोन दिवस येतो. तुझा आला तर दहा वर्षं टिकेल." मी त्याचं ऐकलं. ती माझी चूक. त्याच्या पाठीमागे लपून मी तुमची पत्रं वाचत राहिले आणि तुमची माया दुसऱ्याच कोणत्या तरी बाईवर जात राहिली, जी दुःखी होती. मी दुःखी नाही, नीनाताई. मी खूप सुखात आहे. हे सांगायला मला तुमचीच भीती वाटली.

आता एक विचारते, रागावू नका. अरुण तुमच्यापासून सहा फुटांवर होता. तुम्हाला तो ऐकूच आला नाही ना? फोनचंही तेच आहे का?

अहिल्या


एडिसन
१९ जुलै

अहिल्या,

तीन आठवडे लागले. दोन पत्रं लिहून फाडली.

हो, ऐकू आलं नाही. उजवा कान चार वर्षांपासून गेलाय, डावा त्याच्या मागोमाग निघालाय. दुकान गुडघ्यांमुळे बंद केलं नाही. एका मुलीने लग्नाच्या ब्लाउजला पाठीला सात इंच गळा सांगितला, मी अकरा ऐकलं. पंचवीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. ती बिचारी काही बोलली नाही, वरून शाल घेतली. मी त्याच महिन्यात पाटी उतरवली. मग फोन, मग मंडळाचे कार्यक्रम, एकेक सोडत गेले. लोक काही तरी बोलतात आणि आपण नुसतं हसायचं, ह्याचा फार शीण येतो. पत्र मात्र मला पुरतं ऐकू यायचं. तुझं पहिलं पत्र मी चार वेळा वाचलं. त्याचा मी भलताच अर्थ काढला हा भाग वेगळा.

तू मला खोटं सांगितलंस, मी तुला खोटं सांगितलं. फिटलं. अरुण मात्र तुझ्यासाठी माझ्याशी खोटं बोलला आणि गप्प राहून शिव्या खाल्ल्या, ते मला आवडलं. कबुतरांपासून थोडी प्रगती आहे.

योगा म्हणे. दोन वर्षं. मी तुला एकदा आसनं दाखव म्हणाले होते, तेव्हा तू पाठ धरली होतीस.

गेल्या मंगळवारी मशीन घेतली, दोन्ही कानांना. मशीनच्या दुकानाबाहेर आले आणि पहिल्यांदा माझ्याच चपलांचा आवाज आला. मी थांबून पुन्हा चालले. घरी आल्यावर फ्रीज इतका बोलतो हे मला माहीत नव्हतं. ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला गेले, तिथे दोन बायका कारल्यावरून भांडत होत्या. मी कारलं न घेता दहा मिनिटं उभी राहिले. अगदी स्वच्छ ऐकलं.

फोन आता कर. पण पत्रं थांबवू नकोस. फोनवर तू इतकं बोलत नाहीस.

नीना


रॉक हॉल
९ ऑगस्ट

नीनाताई,

फोनवर हे विचारलं असतं तर तुम्ही लगेच नाही म्हणाला असतात, म्हणून लिहिते. चार दिवस विचार करा.

रुचाच्या बाळंतपणाची तारीख सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मी सहा आठवडे तिच्याकडे सनीव्हेलला जाते. अरुण बोटीवर राहणार, कारण वादळांच्या दिवसांत बोट एकटी सोडून चालत नाही. पण एकट्याने नांगर टाकता येत नाही. एक माणूस मागे चाकावर लागतो, एक पुढे टोकावर.

तुम्ही याल का?

मशीन पाण्याजवळ नको म्हणून काढून ठेवावी लागेल, हे मला माहीत आहे. तेच सांगायचं आहे. नांगर टाकताना वारा आणि इंजिन यांच्या आवाजात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. म्हणून पुढचा माणूस हातानं खुणा करतो आणि मागचा फक्त बघतो. बोट दाखवलं त्या दिशेला वळ. अंगठा मागे केला की मागे घे. मूठ म्हणजे थांब. जूनमध्ये आम्ही तुमच्याशी ओरडत बसलो, ती चूक आमची होती. आता शिडाचा दांडा फिरणार असेल तर अरुण आधी तुमच्या खांद्याला हात लावेल, मगच चाक वळवेल. त्याने तसं कबूल केलंय.

अहिल्या


स्वान क्रीक
२२ सप्टेंबर

अहिल्या,

आजीबाई, अभिनंदन. रुहीचा फोटो अरुणने नकाशाच्या टेबलावर चिकटवलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्या बदकांनाही दाखवतोय. नाक आमच्याकडचं आहे. तुला पटणार नाही, पण आहे.

तुझ्या घराचा हिशेब देते. फळी रोज उचलते, कोरडं आहे. तूरडाळ मी अरुणच्या गादीखालून काढून चुलीशेजारच्या फडताळात आणली. तू इतके दिवस त्याला उठवत का होतीस, ते कळलं आणि डाळ परत जागेवर ठेवली. पितळ घासून घेतलं. टाकी उपसायचं खातं अरुणचंच आहे, त्यात मी लक्ष घालत नाही.

पहिले आठ दिवस आम्ही खुणांवरून भांडलो. मी डावीकडे दाखवलं की तो म्हणे, तुझं डावं की माझं? मी म्हटलं, दोघं एकाच दिशेला तोंड करून उभे आहोत, डावं एकच आहे. साठ वर्षांचं भांडण आहे, कान नसले तरी चालतं. आता जमतंय. काल पहिल्या फटक्यात नांगर बसला. मी साखळीवर हात ठेवून बघितलं, नांगराने तळ धरला की साखळीची थरथर थांबते. तो मागून ओरडून विचारत होता, लागला का, लागला का. मला ते ओठांवरून दिसलं. मी मूठ वर केली. चाक सोडून तो तिथेच टाळ्या वाजवायला लागला.

पुढच्या शिडाची शिवण खालून उसवली होती. अरुण शिडं शिवणाऱ्याकडे न्यायचं म्हणत होता. मी म्हटलं, आण इकडे. मेण लावलेला दोरा, त्रिकोणी टोकाची जाड सुई, आणि तळहाताला चामड्याचा पट्टा. दोन दिवस डेकवर पाय पसरून शिवत होते. सतरा फूट शिवण, अहिल्या. इतकं मोठं कापड मी आयुष्यात मांडीवर घेतलं नव्हतं, आणि कोणी मापही सांगत नव्हतं. शीड वर चढवलं, वाऱ्याने भरलं, आणि टाका न् टाका धरून राहिला. मी खाली येऊन चहा टाकला, पण दोन मिनिटं साखर कुठे आहे ते आठवेना. रडत होते म्हणून.

हे अरुणला सांगू नकोस. तो मला रोज नवीन काही तरी शिवायला देईल.

नीना


सनीव्हेल
१ ऑक्टोबर

नीनाताई,

रुही दूध पिऊन झोपली, रुचाही झोपली, म्हणून लिहायला बसले. नाक तुमच्याकडचं आहे, मी मानलं.

इथे नळ सोडला की पाणी येतच राहतं. मी भांडं धुताना दर वेळी जमिनीवर पाय दाबते. रुचा म्हणाली, "आई, यू आर स्टँपिंग." रोज उठून फळी शोधते. रुचाच्या ईशानने डिशवॉशर कसं लावायचं ते मला तीनदा दाखवलं आणि मी तीनदा भांडी हाताने घासून टाकली. अपार्टमेंट छान आहे, पण हलत नाही. मला चार दिवस झोप लागली नाही. मग रुहीला मांडीवर घेऊन डोलायला लागले आणि आम्ही दोघी एकदमच झोपलो.

तुमचं शिडाचं वाचून मी रुचाला ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आत्या इज सो कूल." मग थोडा वेळ मला तुमचा हेवा वाटला, खरं सांगते. माझी बोट, माझा नवरा टाळ्या वाजवतोय, आणि मी इथे लंगोट धुतेय. मग रुहीने जांभई दिली आणि हेवा गेला.

मी सोळा तारखेला परत येतेय. दक्षिणेला नॉरफोकला निघायचं ते वीस तारखेच्या आसपास, थंडी पडायच्या आत. तुम्हाला एडिसनला सोडायला मी स्वतः येईन.

अहिल्या


चेस्टर नदी
८ ऑक्टोबर

अहिल्या,

कॅनडाकडून बदकं आली आहेत, हजारोंनी. मशीन लावून ऐकली. एडिसनच्या कारल्यापेक्षा मोठं भांडण आहे.

बदकांसारख्याच दक्षिणेला जाणाऱ्या बोटीही जमल्यात. परवा संध्याकाळी ह्या वळणावर चौदा बोटी होत्या. प्रत्येक बोटीवर नवरा मागून ओरडतोय, बायको पुढून ओरडतेय, आणि सगळी नदी ऐकतेय. अरुण आणि मी आलो. मी बोट दाखवलं, तो वळला. अंगठा, मूठ, साखळी, झालं. एक शब्द नाही. शेजारच्या बोटीवरचे लोक उभे राहून बघत होते.

काल सकाळी तिथली एक बाई छोटी होडी वल्हवत आली. तिचा नवरा नांगराच्या वेळी इतका ओरडतो की ती गेल्या महिन्यात बोटीवरून उतरून बसने घरी जाणार होती. म्हणाली, तुम्ही दोघं ते कसं करता, मला शिकवाल का? मी म्हटलं, ये. दुपारपर्यंत काठावरच्या वाळूत सात जणी जमल्या. मी पुढे उभी राहून खुणा करत होते आणि त्या माझ्यामागून करत होत्या. माझं इंग्लिश तुला माहीत आहे, पण त्याची गरजच पडली नाही. एकीने विचारलं, हे कुठे शिकलात? मी सांगितलं, माझ्या भावाच्या बायकोने शिकवलं, बोट तिची आहे. अरुण शेजारी उभा होता. "ऑल हर्स," म्हणाला, आणि सगळ्यांना आल्याची डबी फिरवली.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. मला एडिसनला सोडायची घाई करू नकोस. पुढची खोली मी आवरून ठेवली आहे, शिडाच्या पिशव्या एका बाजूला केल्या आणि पडदे शिवले. मधला मोठा बिछाना तुम्हा दोघांचा. नॉरफोकपर्यंत मी येते. तू सुकाणूवर, मी पुढे, अरुण कुकरजवळ, असं ठरवलंय. त्याला विचारलं नाही, तुलाही विचारत नाही. मोठी आहे मी. नॉरफोकच्या पुढचं नॉरफोकला बघू.

येताना हिंग आण, संपत आलाय. रुहीचं झबलं कापून ठेवलंय, माप फोटोवरून घेतलं, थोडं मोठं होईल.

पुरे. पाकीट चिकटवते आणि काठावरच्या पेटीत टाकायला त्या शेजारणीकडे देते. अरुणने इंजिन सुरू केलंय, पायाखाली थरथरतंय म्हणून कळलं. नांगर उचलायला मला पुढे जायचंय.

नीना